पहिलं विमान तयार घ्यावं की स्वतः बांधावं?

पंखवाला:
एका ओळखीच्याला रेडिओ कंट्रोलचं पहिलं विमान घ्यायचं होतं, तर दोघा जुन्या मंडळींनी त्याला सांगितलं की आधी प्लॅनवरून बाल्साचं, म्हणजे त्या हलक्या मऊ लाकडाचं, विमान स्वतः बांध, मगच उडवायचं नाव काढ. बिचाऱ्याने विचारच सोडून दिला. मला हे अजिबात पटलेलं नाही म्हणून धागा काढतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. पहिलं विमान जवळपास तयार मिळतं तेच घ्यावं, एआरएफ म्हणतात ते. फ्युजलाज म्हणजे विमानाचं धड तयार, पंखाचे दोन्ही अर्धे भाग तयार, वर प्लास्टिकची रंगीत फिल्म चढवलेली, आपण पंख जोडायचा, शेपूट चिकटवायची, मोटर नाहीतर इंजिन, सर्वो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि रेडिओचा संदेश घेणारा रिसीव्हर बसवायचे, काही संध्याकाळचं काम. प्लॅनवरून बांधायचं तर महिने जातात, आणि ज्याने आयुष्यात एकदाही विमान उडवलेलं नाही त्याने एवढ्या महिन्यांची मेहनत हवेत सोडली की बोटं आखडतात, विमान जरा खाली आलं की घाबरून एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी, ओढला जातो, वेग संपतो आणि स्टॉल होऊन, म्हणजे पंखाची उचल संपून, नाक जमिनीकडे.

ट्रेनर विमान मुळात चुका पोटात घालायलाच बनवलेलं असतं. पंख वरच्या बाजूला, दोन्ही टोकं थोडी उचललेली म्हणजे डायहेड्रल, त्यामुळे थोडं कललं असेल आणि स्टिक सोडल्या तर बऱ्याचदा आपणहून सावरतं. शिकायची गोष्ट वेगळीच आहे, विमान आपल्या दिशेने यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं. तेव्हा जो पंख खाली झुकलेला दिसतोय त्याच बाजूला स्टिक न्यायची, पंखाला खालून टेकू दिल्यासारखी. हे बोटात उतरायला उड्डाणंच लागतात, बाल्सा घासून ते येत नाही.

बाल्साप्रेमी:
साफ असहमत. तयार विमानाच्या आत काय आहे हेच माणसाला माहीत नसतं.

एकच उदाहरण देतो. शेपटीचा आडवा भाग चिकटवायच्या आधी मधली फिल्म काढावी लागते, कारण इपॉक्सी हा गोंद लाकडाला धरतो, फिल्मला नाही. नवा माणूस कटर घेतो, जोर लावतो, फिल्मसोबत खालच्या बाल्सावरही चीर जाते, आणि ती चीर येते बरोबर फ्युजलाजच्या कडेला, जिथे सगळ्यात जास्त ताण. टेबलावर काही म्हणजे काही दिसत नाही. मी अशी शेपूट वळणात दुमडताना डोळ्यांनी बघितली आहे, नंतर तुकडे उचलले तर मोडलेली कड पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. ज्याने एक पंख रिब-रिब लावून, म्हणजे आतली एकेक फासळी बसवून, बांधलाय त्याच्या हातून ही चूक होणार नाही, त्याला ते लाकूड किती मऊ असतं हे माहीत असतं. आणि विमान पडल्यावर? बांधणारा त्याच रात्री दुरुस्तीला बसतो, तयारवाला कपाटावर ठेवून देतो.

नवशिकी:
मधेच विचारते, सध्या तेच काम करतेय. कटर नाही तर मग फिल्म कशाने काढायची?

बाल्साप्रेमी:
ताई, सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक रेषेवरून हलक्या हाताने फिरवा, फिल्म वितळून सुटते आणि लाकूड कापलं जात नाही. रेषा फ्युजलाजच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत घ्या, म्हणजे उघडं लाकूड बाहेर दिसत नाही.

पंखवाला:
बघा, हे तुम्ही चार ओळींत शिकवलंत, त्यासाठी तिला महिनोन् महिने विमान बांधायला लागलं नाही. माझा मुद्दा हाच आहे. तयार विमानात जे काम आपल्यासाठी उरलेलं असतं ते थोडं असतं पण सगळं मोक्याचं असतं, आणि तिथे घाई केली तरच विमान पडतं.

सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीचंच घ्या, म्हणजे विमान जिथे तोललं जातं तो बिंदू. माहितीपत्रकात दिलेलं असतं, साधारण पंखाच्या रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर, पुढच्या कडेपासून. पंख 28 सेंटिमीटर रुंद असेल तर पाव म्हणजे 7 सेंटिमीटर. तिथे पंखाखाली दोन बोटं टेकवून विमान उचलायचं, सरळ राहिलं किंवा नाक किंचित खाली गेलं तर ठीक. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा, नाहीतर नाकात वजन घाला, पण तसंच उडवू नका. नाक जड असलं तर विमान सुस्त उडतं, शेपूट जड असली तर ते नवख्याच्या हातात राहतच नाही.

मी स्वतः एक विमान गमावलंय ते बांधणी येत नव्हती म्हणून नाही. एलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखाच्या मागच्या पट्ट्या, उलटे चालत होते आणि मी फक्त हलतात की नाही एवढंच बघितलं होतं, कुठल्या बाजूला हलतात ते नाही. चाकं जमिनीवरून सुटली, डावा पंख झुकला, मी उजवीकडे स्टिक दिली तर आणखी डावीकडे गेलं, मी आणखी दिली. पाच सेकंदसुद्धा लागले नसतील. त्या दिवसाचं अजून वाईट वाटतं. मागे उभं राहून उजवी स्टिक दिली की उजवा एलेरॉन वर गेला पाहिजे, बस, एवढंच बघायचं होतं.

हवाबदल:
तुम्ही दोघं अजून लाकडातच अडकलात. फोमचं विमान घ्या, रिसीव्हरमध्ये जायरो म्हणजे विमान कललेलं ओळखणारा सेन्सर असतो, वाऱ्याचा झटका आला की तोच सावरतो, पडलं तरी गोंद लावून पुन्हा तयार. उगाच नव्या माणसाला का घाबरवायचं?

जुनाहात:
जायरो वाईट नाही, पण तोही उलटा बसू शकतो. हाताने विमान उजवीकडे झुकवलं तर उजवा एलेरॉन खाली जायला हवा, वर गेला तर जायरो सावरायच्या ऐवजी विमान उलटंच करेल. शिवाय जायरोवरच शिकलेल्याला ज्या दिवशी तो बंद करावा लागतो त्या दिवशी पुन्हा श्रीगणेशा.

आणि खरं सांगू का, तयार की बांधलेलं यापेक्षा एकट्याने की शिकवणाऱ्यासोबत हा प्रश्न मोठा आहे. 2.4 गिगाहर्ट्झचे आजचे रेडिओ येण्याआधी एकाच ठरलेल्या चॅनलवर चालणारे क्रिस्टलचे रेडिओ होते, दुसऱ्या कुणी त्याच चॅनलवर रेडिओ चालू केला की हवेतलं विमान गेलंच, त्यामुळे मैदानावर एकमेकांना विचारल्याशिवाय कुणी बटण दाबत नसे. त्या विचारण्यातूनच नवा माणूस शिकायचा. आता रेडिओची ती भीती गेली आणि लोक एकटेच मैदानावर जायला लागले. दोन रेडिओ जोडून घ्या, शिकवणाऱ्याने स्विच धरला की ताबा शिकणाऱ्याकडे, सोडला की परत त्याच्याकडे. यात लाकूड, फोम काहीही चालेल.

बाल्साप्रेमी:
शिकवणाऱ्याबद्दल शंभर टक्के मान्य. बांधणीबद्दल माझं मत तेच आहे, पहिलं नाही तरी दुसरं विमान स्वतः बांधा.

नवशिकी:
सोल्डरिंग आयर्नने फिल्म छान सुटली, लाकडावर ओरखडाही नाही. मग शेपूट नुसती ठेवून पंखाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी दोऱ्याने मोजलं तर 6 मिलिमीटरचा फरक निघाला. खाच एका बाजूला जरा घट्ट होती, सँडपेपरचे चार हात मारले, आता दोन्हीकडे सारखं येतंय. इपॉक्सी 30 मिनिटांचंच घेतलंय, त्यामुळे चिकटवल्यावरही एकदा मोजायला वेळ मिळेल.

पंखवाला:
वा! सुकेपर्यंत मागून पण बघत राहा, शेपूट पंखाला समांतर दिसली पाहिजे. एलेरॉनचं तेवढं विसरू नका.