पोटरीतला दुसरा स्नायू कोणता?

बडोदेकर_मावशी: वय 46. यंदा नवरात्रात आठही रात्री गरबा खेळले. नवव्या सकाळी जिना उतरताना उजवी पोटरी धरली. दुखतं ते खूप आत, घोट्याकडे. भिंतीला रेटा देऊन, पाय सरळ ठेवून ताण दिला की गुडघ्यामागे ओढतं, पण दुखऱ्या जागेपर्यंत काही पोचत नाही. भाची फिजिओथेरपी शिकते. ती म्हणाली, "मावशी, पोटरीत दोन मोठे स्नायू असतात, तुझा आतला दुखतोय," आणि हॉस्टेलला निघून गेली. टाच तर दोन्ही उचलतात ना? मग फरक कशात?

शरीररचना_शिकवलेले_काका: ताई, भाचीचा अंदाज मला पटतो. दोन्ही टाच उचलतात आणि अकिलिस कंडरेतून, म्हणजे टाचेमागच्या जाड दोरीसारख्या पट्ट्यातून, टाचेच्या हाडालाच येऊन मिळतात. फरक वरच्या टोकाला आहे. बाहेरून गोलाई दिसते तो गॅस्ट्रोक्नेमियस. त्याची दोन डोकी गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडाला चिकटलेली, त्यामुळे तो गुडघा आणि घोटा दोन्ही सांधे ओलांडतो. त्याच्याखाली चपटा सोलियस. तो नडगीच्या आणि शेजारच्या बारीक हाडाच्या मागून निघतो, गुडघ्याला शिवतसुद्धा नाही.

म्हणून गुडघा वाकवला की गॅस्ट्रोक्नेमियस सैल पडतो आणि काम मुख्यतः सोलियसकडे जातं. गरब्यात गुडघे किंचित वाकवून चवड्यांवर तासन्‌तास फिरता, म्हणजे तेच. सोलियसमध्ये सावकाश, न थकता चालणारे तंतू जास्त. उभं राहणं, चालणं त्याच्या भरवशावर. उडी, धाव यांत गॅस्ट्रोक्नेमियसचा जोर लागतो.

तोच भिंतीचा ताण मागचा गुडघा थोडा वाकवून, टाच जमिनीवर टेकवून देऊन बघा. हळूच.

आखाड्यातला_नातू: आजोबा जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे. बैठकीत टाचा उचललेल्या, गुडघे पूर्ण वाकलेले! त्यांच्या पोटऱ्या खालपर्यंत भरलेल्या का होत्या, ते आत्ता कळलं.

रात्रपाळीची_नर्स: मावशी, आधी दोन्ही पोटऱ्या शेजारी ठेवून बघा. एकच सुजलेली, गरम, लालसर असेल तर ताण देऊ नका, चोळू नका, आजच डॉक्टरांकडे जा. सोलियस पायातलं रक्त वर ढकलतो, त्याच्या शिरांत गुठळी होऊ शकते.

बडोदेकर_मावशी: सूज नाही, दोन्ही पोटऱ्या सारख्याच आहेत. काका, गुडघा वाकवला आणि नेमकी तीच जागा ताणली गेली, घोट्याच्या चार बोटं वर. भाचीला फोन करते.