लांब वाचनासाठी फोन पुरेसा आहे, वेगळा टॅब कशाला?

कानामात्रा:
पुस्तक, अहवाल, लांब लेख वाचायचे म्हटलं की ‘टॅब घ्या’ हा सल्ला ठरलेला. माझं मत उलट आहे. फोनवर वाचवत नाही या तक्रारीचं मूळ बहुतेकदा पडद्यात नसतं, फाइलीत आणि सेटिंगमध्ये असतं.

साडेसहा इंची फोन उभा धरला तर पडदा जेमतेम 68 मिमी रुंद. ए4 पान 210 मिमी. पीडीएफ रुंदीला बसवली की 12 पॉइंटचं अक्षर 4 पॉइंटच्याही खाली जातं, ते कुणाला वाचवणार? तोच मजकूर ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल प्रकारात असला की ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे नव्याने मोडतात आणि हा प्रश्नच उरत नाही. फक्त ॲपची मूळ मांडणी इंग्रजीच्या हिशोबाने असते, ती बदलावी लागते. ओळीत पाच-सहा शब्द येतील एवढं अक्षर ठेवा. ओळींमधलं अंतर 1.4 ते 1.5 करा, कारण वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असल्यामुळे 1.2 वर ओळी एकमेकींत शिरतात. दोन्ही कडा सारख्या करणारं ‘जस्टिफाय’ बंद करा. अरुंद ओळीत मराठीचे लांबलचक शब्द मोडले जात नाहीत, मग ॲप उरलेल्या शब्दांमध्ये भगदाडं पाडतं. अक्षराचं वळण पसंत नसेल तर मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी या फॉन्टची टीटीएफ फाइल उतरवून मून प्लस रीडर किंवा केओरीडर या वाचनाच्या ॲपमध्ये जोडता येते.

एवढं केलं की 200 ग्रॅमच्या आसपासचा, सतत हाताशी असलेला फोन पुरतो. आणखी अर्धा किलो कशाला बाळगायचा?

तळटीप:
असहमत. ईपब मिळाली तर सगळं सोपं, पण मिळते कुठे? पाठ्यपुस्तकं, शोधनिबंध, शासकीय अहवाल, जुन्या ग्रंथांचे स्कॅन, यातलं बहुतेक सगळं पीडीएफ असतं. तक्ता, समीकरण, नकाशा असलेलं पान मोडून चालतच नाही, ते जसं आहे तसंच डोळ्यांसमोर लागतं.

मात्र टॅब घेणाऱ्यांनी नुसत्या इंचांवर जाऊ नये. 10.1 इंची, 16:10 आकाराचा टॅब उभा धरला की रुंदी 136 मिमी, म्हणजे ए4 वरचं 12 पॉइंटचं अक्षर जेमतेम 8 पॉइंटचं दिसतं. 10.9 इंची, 4:3 च्या जवळ जाणारा आयपॅड घेतला तर 158 मिमी. ए4 चे दोन्ही बाजूंचे 25-25 मिमी समास कापले की मजकूर 160 मिमी उरतो, म्हणजे जवळजवळ छापील आकारातच वाचता येतं. इंचांत पाऊणाचा फरक, वाचण्यात मात्र जमीन-अस्मानाचा.

दुसरी गोष्ट पिक्सेलची दाटी. 10.1 इंचांत 1280×800 म्हणजे इंचाला फक्त 149 पिक्सेल. त्यावर बारीक टंकातला ‘ष्ट’ की ‘ष्ठ’ हे अंदाजानेच ओळखावं लागतं. त्याच आकारात 1920×1200 घेतलं तर 224 होतात. त्याखाली वाचनासाठी टॅब घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

आडवाउभा:
तळटीप, तुम्ही सगळा हिशोब ए4 चा मांडलात. कथा-कादंबऱ्यांची, चरित्रांची बरीच पुस्तकं ए5 च्या आसपास असतात, रुंदी 148 मिमी. आणि तोच साडेसहा इंची फोन आडवा धरला की पडदा 150 मिमी रुंद होतो! अक्षर मूळ छापील आकाराचं. एका वेळी पानाचा तिसरा हिस्साच दिसतो हे खरं, पण सरकवत वाचायची सवय सगळ्यांना वेब पानांमुळे आधीच आहे.

कृती अशी: ‘फिट विड्थ’ निवडा, समास कापा, सलग सरकणारी मांडणी लावा आणि पडद्याची दिशा कुलूपबंद करा. स्कॅनला काळ्या कडा असतील तर आपोआप समास कापणारी सोय फसते, कारण तिला ती कडाही मजकूरच वाटते. तिथे हाताने चौकट आखावी लागते. सम आणि विषम पानांची चौकट वेगळी, कारण बांधणीकडचा समास एकदा डावीकडे येतो, एकदा उजवीकडे.

तेही नको असेल तर केओरीडरमधलं ‘रीफ्लो’ आहे. ते अक्षरं ओळखत नाही, पानाच्या चित्रातून एकेक शब्द कापून नव्या ओळींत रचतं. त्यामुळे भाषा कुठलीही चालते, आणि मराठीत शिरोरेषेमुळे शब्द सलग राहत असल्याने दोन शब्दांमधली फट त्याला नीट सापडते. स्कॅन तिरकं असेल किंवा ओळी दाट असतील तर मात्र वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना चिकटतात आणि तुकडे चुकीचे पडतात.

तळटीप:
समीकरणांचं एखादं पान रीफ्लो करून पाहा. अंश एका ओळीत, छेद दुसरीकडे. तक्त्यात कुठला आकडा कुठल्या रकान्याचा हे कळायला मूळ पान परत उघडावंच लागतं. कादंबरीपुरतं तुमचं म्हणणं मान्य, अभ्यासाच्या वाचनाला नाही.

जुनाटंक:
पडद्यावरून वाद चाललाय, पण मराठी पीडीएफची खरी अडचण दोन्हीकडे सारखीच आहे. युनिकोड ही सगळ्या लिप्यांची समान संकेतपद्धत रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये बनवलेल्या फाइलींत दिसतं मराठी, आत असतात भलतीच रोमन अक्षरं. म्हणून शोध चालत नाही, मोठ्याने वाचून दाखवणारं ॲप बरळतं आणि कॅलिबर या ई-पुस्तकांचा प्रकार बदलणाऱ्या प्रोग्रॅमने ईपब केली तर हाती कचरा येतो. तपासायला दहा सेकंद लागतात: एक शब्द दाबून धरा, कॉपी करा, टिपणाच्या ॲपमध्ये चिकटवा. मराठीच आलं तर फाइल धड. रोमन अक्षरं आली तर जुना फॉन्ट. फक्त पहिल्या वेलांट्या इकडच्या तिकडे झाल्या असतील तर फॉन्ट युनिकोडच आहे, पीडीएफ बनताना क्रम बिघडलाय. शब्द निवडलाच जात नसेल तर ते नुसतं चित्र.

जुना फॉन्ट आणि चित्र, दोन्हींवर उपाय ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. संगणकावरच्या टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅममध्ये मराठीचा संच आहे. संगणक नसेल तर फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून ब्राउझरमधून ‘गूगल डॉक्सने उघडा’. स्कॅन 300 डीपीआयचं, म्हणजे इंचाला 300 ठिपक्यांचं असावं. त्याखाली अनुस्वार आणि रफार आधी गळतात. पानाचे क्रमांक आणि वरचं शीर्षक दर पानाला मजकुरात घुसतं, ते नंतर काढावं लागतं. हे काम न करता फोन की टॅब हे भांडत बसण्यात काय हशील?

संधिप्रकाश:
मला दोन्ही नामंजूर. तासभरापेक्षा जास्त वाचायचं असेल तर ई-इंक, म्हणजे किंडलसारख्या वाचकयंत्रांचा कागदासारखा दिसणारा पडदा. 6-7 इंचांत, इंचाला 300 पिक्सेल, वजन बहुधा फोनपेक्षा कमी, उन्हातही स्पष्ट दिसतं. कागदाच्या बाजूने तर संशोधनही आहे: 2000 ते 2017 मधल्या 54 अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण 2018 साली प्रसिद्ध झालं, त्यात कागदावर वाचलेलं पडद्यापेक्षा अधिक नीट समजल्याचं दिसलं.

कानामात्रा:
त्याच विश्लेषणात पुढे हेही आहे की हा फरक माहितीपर मजकुरात दिसतो, कथात्मक मजकुरात नाही, आणि वेळेचं बंधन असताना तो वाढतो. म्हणजे कादंबरी फोनवर वाचायला त्याची आडकाठी नाही. ई-इंकवर पान उलटणं छान, पण ब्राउझिंग करताना सरकवलं की मागची छाया उरते. शब्दाचा अर्थ शोधायला मग फोनच उचलावा लागतो.

डोळे दुखण्याचं एक कारण मात्र इथे कुणी काढलं नाही. बऱ्याच ओलेड पडद्यांत प्रकाश कमी करायला पडदा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतो. प्रकाश जितका कमी, तितका बंद राहण्याचा वेळ जास्त, आणि काहींना त्याने डोकं धरतं. आपल्या फोनचं पाहायचं असेल तर दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोडला शटर 1/1000 करा आणि पांढऱ्या पडद्याकडे रोखा. जाड काळे पट्टे दिसले तर रात्री प्रकाश निम्म्याच्या खाली नेऊ नका. त्याऐवजी अँड्रॉइड 12 पासून असलेलं ‘एक्स्ट्रा डिम’, आयफोनवर ‘रिड्यूस व्हाइट पॉइंट’ वापरा. त्यात रंगच मंद होतात, लुकलुक वाढत नाही.

साठवण:
टॅबवाल्यांना एक सांगणं. वाचन म्हणजे नुसती पुस्तकं नाहीत, ब्राउझर आणि ॲपही त्यात येतात, आणि तिथे 3 जीबी रॅमचे टॅब मार खातात. शब्दकोश उघडून परत आलात की ब्राउझरचं पान पुन्हा लोड होतं, अर्धवट भरलेला फॉर्म गेला. जाहिरातीतली ‘वाढीव रॅम’ ही साठवणीतली जागा असते, खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी संथ. लांब लेख उघडला की लगेच पीडीएफ करून किंवा ऑफलाइन उतरवून ठेवावा. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीतलं वाचनाचं चिन्ह दाबलं की जाहिराती गळतात आणि पान हलकं होतं. ऐकत वाचायचं असेल तर त्या ॲपचा बॅटरी वापर ‘अनिर्बंध’ करा, नाहीतर पडदा बंद झाल्यावर काही मिनिटांत आवाज थांबतो.

घरातला जुना टॅब वाचनाला काढावा असाही सल्ला फिरतो. आधी आवृत्ती पाहा. क्रोमला 2025 मधल्या 139 व्या आवृत्तीपासून किमान अँड्रॉइड 10 लागतं. अँड्रॉइड 7.1.1 च्या आधीच्या यंत्रांत साइटना सुरक्षिततेची प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं नवं मूळ प्रमाणपत्रच नाही, त्यामुळे चांगल्या साइटही ‘असुरक्षित’ म्हणून अडतात. फायरफॉक्स प्रमाणपत्रांची स्वतःची यादी बाळगतो, म्हणून तिथे निभत असे, पण 2025 पासून त्याच्या नव्या आवृत्त्यांनाही किमान अँड्रॉइड 8 लागतं. तरी असा टॅब रीसेट करून, बँकेची ॲप न ठेवता, फाइली कार्डावरून देऊन फक्त वाचनापुरता वापरावा. पडद्याची कड वर आलेली दिसली तर बॅटरी फुगली आहे. दाबू नका, चार्जिंगला लावू नका, बदलून घ्या.

आडवाउभा:
हा तर फोनच्याच बाजूचा मुद्दा झाला. गूगलने 2023 च्या पिक्सेल 8 पासून सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलंय. स्वस्त टॅबला एवढी वर्षं कोण देतं?

तळटीप:
स्वस्त टॅबचं समर्थन मी केलेलंच नाही. माझा आग्रह चांगल्या पडद्याच्या टॅबचा आहे, आणि त्याचं शेवटचं कारण टिपणं. पान पूर्ण दिसतं तेव्हाच पेनने समासात लिहिता येतं. त्यातही एक खाचखळगा आहे: काही ॲप खुणा पीडीएफमध्ये न लिहिता स्वतःच्या साठ्यात ठेवतात. ॲप काढलं की खुणा गेल्या. म्हणून नवीन ॲप घेतल्यावर एका पानावर एक ओळ रंगवा, फाइल जतन करा आणि दुसऱ्या ॲपमध्ये उघडा. रंग दिसला तर पुढचं वाचन त्यात करा. नाही दिसला तर ‘खुणांसह निर्यात’ असा पर्याय शोधा, आणि तोही नसेल तर ते ॲप अभ्यासासाठी ठेवू नका.