लिंफोमा झालेल्या कुत्र्याला नागपुरात केमो द्यावी का? माझं मत : दहा वर्षांपुढे नको

फुटाळाकाठ

लिंफोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचा, रिपोर्ट हातात पडला की घरातले दोन दिवसांत केमोला होकार देतात. माझं मत स्पष्ट आहे. कुत्रं दहा वर्षांपुढचं असेल आणि उन्हाळा तोंडावर असेल, तर केमो सुरू करू नये.

केमोने हा आजार दबतो, मुळापासून जाणं फार विरळा. व्हिन्क्रिस्टीन, सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन आणि प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) अशी चार औषधांची नेहमीची पद्धत १९ आठवडे चालते. त्यात १६ वेळा दवाखाना आणि दर वेळी रक्त काढणं. फेब्रुवारीत सुरुवात केली तर जून उजाडतो. मधला सगळा काळ ४४-४५ अंशांचा आणि दवाखान्याच्या बाकाखाली धापा टाकण्यात जाणारा.

त्यापेक्षा प्रेडनिसोलोन द्या, मळमळीचं औषध द्या, आवडीचं खाऊ घाला आणि त्रास वाढला की डॉक्टरांकडून इंजेक्शनने वेळेवर निरोप द्या. महिना-दोन महिनेच मिळतात, पण ते घरी, कूलरसमोर, आपल्या माणसांत मिळतात.

सेमिनरीची_चढण

भाऊ, तुमच्या कळकळीबद्दल शंका नाही, पण दहा वर्षांची रेघ चुकीच्या जागी ओढली आहे. या आजारात वयापेक्षा दोन गोष्टी जास्त बोलतात. पहिली, निदानाच्या दिवशी कुत्रं खातं-पितं, हिंडतं-फिरतं आहे की आधीच मलूल पडलं आहे. दुसरी, लिंफोमा बी पेशींचा आहे की टी पेशींचा (हे पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार). अकरा वर्षांचं, ताटली चाटूनपुसून साफ करणारं, बी पेशीवालं कुत्रं हे सहा वर्षांच्या, उलट्या करणाऱ्या, टी पेशीवाल्यापेक्षा कितीतरी चांगल्या स्थितीत असतं.

उपचाराशिवाय हा आजार साधारण ४ ते ६ आठवडे देतो. चार औषधांच्या पद्धतीने दहापैकी आठ-नऊ कुत्र्यांच्या गाठी बसतात आणि बी पेशींच्या प्रकारात साधारण निम्मी कुत्री वर्षभर किंवा त्याहून जास्त जगतात. कुत्र्याच्या हिशेबात ते वर्ष लहान नाही.

शिवाय माणसाची केमो डोळ्यांपुढे आणू नका. माणसात रोग मुळासकट उपटायचा असतो म्हणून मात्रा सहनशक्तीच्या टोकापर्यंत नेतात. कुत्र्यात चांगले दिवस वाढवायचे असतात, म्हणून मात्रा मुद्दाम बेताची ठेवतात. बहुतेकांना तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जुलाब किंवा जेवणावरून मन उडणं, एवढंच होतं. मॅरोपिटंट किंवा ऑन्डॅन्सेट्रॉन हे उलटीचं औषध आधीपासून दिलं तर तेही कमी. लॅब्राडोर किंवा देशी कुत्र्याचे केस सहसा गळत नाहीत, मिशा तेवढ्या जातात. शिह त्झू, पूडल यांचे मात्र गळतात.

आणि १६ फेऱ्या झेपत नसतील तर एकट्या डॉक्सोरुबिसिनचा रस्ता आहे. दर २१ दिवसांनी एक, अशा ५ फेऱ्या. सरासरी सहा ते आठ महिने मिळतात. मात्रा शरीराच्या क्षेत्रफळावर काढतात, दर चौरस मीटरला ३० मिलीग्रॅम. ३० किलोच्या लॅब्राडोरचं क्षेत्रफळ ०.९७ चौरस मीटर, म्हणजे २९ मिलीग्रॅम. लहान कुत्र्यांना क्षेत्रफळाच्या हिशेबाने जास्त पडतं, म्हणून साधारण १५ किलोखाली किलोला १ मिलीग्रॅम धरतात. पाच फेऱ्यांत बेरीज दर चौरस मीटरला १५० मिलीग्रॅम होते. हृदयाला धोका १८० ते २४० च्या पुढे वाढतो. तरी डॉबरमन, बॉक्सर असेल तर आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करूनच घ्या.

आता मुख्य मुद्दा. "आधी प्रेडनिसोलोन देऊ, मग बघू" यात सगळ्यात मोठं नुकसान आहे. या गोळीने गाठी आठवड्यात मऊ पडतात, घरच्यांना हायसं वाटतं आणि तेवढ्यात उरलेल्या पेशी औषध बाहेर फेकायला शिकतात. महिन्याने केमो ठरवली तर ती तितकी लागू पडत नाही. वर सुईच्या तपासणीत निदानही धूसर होतं. केमो नको असेल तर जरूर प्रेडनिसोलोन द्या, पण आधी ठरवा आणि मग पहिली गोळी द्या.

गोचीड_शोधा

दोघांच्याही आधीची पायरी सुटली आहे. आपल्याकडे मानेखालच्या गाठी सुजल्या, ताप आला, नाकातून रक्त आलं, तर गोचीड ताप आधी तपासा. एर्लिकियातही (गोचिडीतून येणाऱ्या जंतूच्या तापात) गाठी वाढतात आणि प्लेटलेट्स कोसळतात. त्यावर डॉक्सीसायक्लिन २८ दिवस असतं. गोळी जेवणासोबत आणि मागे पाणी पाजून द्या, नाहीतर अन्ननलिकेत अडकून जखम करते.

तपासणीसाठी गाठीत सुई टाकताना जबड्याखालची गाठ सोडा. किडलेल्या दातांमुळेही ती सुजते. खांद्यापुढची किंवा गुडघ्यामागची घ्या, आणि एकाऐवजी दोन ठिकाणची.

इतवारीची_ताई

मी फुटाळाकाठच्या बाजूनं, पण उन्हासाठी नाही, घरासाठी. आपल्या इकडे एका छताखाली आजी, रांगतं पोर अन् दिवस गेलेली सून, सगळेच असतात बाप्पा. औषध कुत्र्याच्या लघवीतून, शीतून बाहेर पडतं. दोन-तीन दिवस तर नक्कीच, काही औषधं त्याहून जास्त. ते फडक्यानं पुसून तेच फडकं मोरीत पिळायचं हे चालत नाही. हातमोजे पाहिजेत, पुसलेला कागद दुहेरी पिशवीत बांधला पाहिजे, अंथरूण वेगळं धुतलं पाहिजे. गरोदर बाईनं अन् लेकरानं त्या जागेला हातच लावायचा नाही. सायक्लोफॉस्फमाइडची गोळी मोडून द्यायची नाही, अख्खीच द्यायची. हे करणारं माणूस घरात रोज आहे का, हे आधी विचारा. नसंल तर केमो नको.

सेमिनरीची_चढण

ताई, हा आक्षेप खरा आहे आणि हे काम करणारं कुणी नसेल तर मीही आग्रह धरणार नाही. फक्त दोन गोष्टी जोडतो. सायक्लोफॉस्फमाइड सकाळीच द्यायचं आणि दिवसभर दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यायचं. रात्रभर लघवी साठली तर मूत्राशयाचं अस्तर भाजतं आणि लघवीतून रक्त येतं. उलट डॉक्सोरुबिसिननंतर एक-दोन दिवस लघवी लालसर दिसते, तो औषधाचाच रंग असतो. या दोन लाल रंगांत गल्लत करू नका.

डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर सांडलं तर पाय सडतो. म्हणून सलाईनची सुई पहिल्याच टोचणीत बसलेली हवी आणि औषध १५ ते ३० मिनिटांत हळू सोडायला हवं. जळजळ झाली तर सुई उपटायची नाही. तिच्यातूनच औषध मागे ओढायचं आणि मग बर्फ. व्हिन्क्रिस्टीन सांडलं तर मात्र ऊब. जिथे केमो देणार, तिथे हे आधी विचारा. उत्तर देताना डॉक्टर अडखळले तर दुसरी जागा बघा.

बर्डीचा_कूलर

उन्हाबद्दल बोलायचं तर नुसतं "त्रास होतो" म्हणून भागत नाही. त्रास नेमका कुठे होतो ते बघा.

केमोनंतर पांढऱ्या पेशी सातव्या ते दहाव्या दिवशी तळ गाठतात. त्या दिवसांत १०३ फॅरनहाइटच्या वर ताप म्हणजे तातडीने दवाखाना. पण मे महिन्यात दुपारी तीनला गच्चीवरून आलेल्या निरोगी कुत्र्याचंही १०३.५ भरतं. म्हणून थर्मामीटर सकाळी सहाला, कूलरच्या खोलीत, गुदद्वारातून लावा आणि लिहून ठेवा. दुपारी जास्त आलं आणि कुत्रं एरवी ठीक असेल, तर गार खोलीत तासभर बसवून पुन्हा मोजा. उतरलं नाही तर निघा. सुस्त पडलं असेल तर तासभरही थांबू नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन घरातून देऊ नका. प्रेडनिसोलोन चालू असताना मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामकही नको, जठरात जखमा होतात.

प्रेडनिसोलोनने धाप आणि तहान वाढते. म्हणजे, फुटाळाकाठ भाऊ, उन्हाळ्यात तुमचा घरचा मार्गही सोपा नाही. गोळी सकाळी खाण्यासोबत द्या. पाण्याची दोन भांडी ठेवा. कूलरच्या टाकीतलं शिळं पाणी पिऊ देऊ नका. पावसाळ्यात कूलरचा उपयोग सरतो आणि गोचीड वाढते, तेव्हा पंखा आणि गोचिडीचं औषध. कच्चं मटण बंद. उकडलेलं चिकन आणि अंडं चालतं.

आणखी एक. उन्हाळ्यात कुत्रं फार पाणी पितं म्हणून कुणी मनावर घेत नाही. टी पेशींच्या लिंफोमात रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि त्यानेही असंच होतं, शेवटी मूत्रपिंड जातं. लघवीही खूप होत असेल तर कॅल्शियम बघा.

धंतोली_१२

शीर्षकात लिंफोमा आहे हे ठीक, पण वाचणारा "कॅन्सरला केमो नको" एवढंच घेऊन जाईल, त्याची भीती वाटते. आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांमध्ये जननेंद्रियावरची, रक्त गळणारी फुलकोबीसारखी गाठ नेहमी दिसते. तोही कॅन्सरच, समागमातून पसरणारा. आठवड्याला एक व्हिन्क्रिस्टीन, साधारण ४ ते ६ आठवडे, आणि बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. तिथे केमो नाकारणं म्हणजे बरं होणारं जनावर गमावणं. दुसऱ्या टोकाला प्लीहेचा हिमँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा कॅन्सर. शस्त्रक्रिया अधिक केमो करूनही बहुधा चार-सहा महिनेच.

फुटाळाकाठ

वयाची रेघ मी मागे घेतो. कुत्रं खातं-पितं आहे का, हा निकष बरोबर. प्रेडनिसोलोनबद्दलचंही पटलं, माझ्या मांडणीत तो क्रम उलटा होता.

बाकी मी ठाम आहे. निम्मी वर्षभर जगतात म्हणजे उरलेल्या निम्म्यांना त्याहून कमी, हे सही करण्याआधी स्पष्ट सांगितलं पाहिजे. आणि केमो घेणाऱ्यांनी थांबण्याची खूण पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी. अमेरिकेतल्या पशुवैद्य डॉ. ॲलिस व्हिलालोबोस यांची मोजपट्टी वापरा. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं-फिरणं आणि वाईटांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना दहापैकी गुण. बेरीज ३५ च्या खाली जाऊ लागली की डॉक्टरांशी निरोपाचं बोला. त्या दिवशी आधी गुंगीचं इंजेक्शन मागा. पोटॅशियमसारखं औषध पूर्ण भूल नसताना देणं क्रूर आहे. डोळे उघडे राहतात, एखादा श्वास नंतरही येतो, हे घरच्यांना आधी सांगा.

सेमिनरीची_चढण

यात मतभेद नाही. तेवढंच एक : केमो संपली तरी दर रविवारी गुडघ्यामागच्या गाठी बोटांनी चाचपा, व्हर्नियरने (जाडी मोजायच्या पट्टीने) मोजा आणि मिलीमीटर वहीत लिहा. पुन्हा वाढू लागल्या तर दुसऱ्यांदाही गाठी बसवता येतात, पण तो काळ बहुधा पहिल्याच्या निम्मा असतो. त्या वेळी फुटाळाकाठ भाऊंचा मार्ग मीही सुचवीन.