सरनोबत : शब्द कुठला आणि घरं किती

'सरनोबत' या आडनावाचा अर्थ काय आणि असे लोक एकूण किती असतील, असं एकानं इथं विचारलंय. त्यावर दोन उत्तरं आलीत. एकाचं म्हणणं, शिवाजी महाराजांच्या सेनापतीला सरनोबत म्हणत, त्यांचेच हे वंशज. दुसऱ्याचं म्हणणं, नौबत म्हणजे नगारा, तेव्हा हे नगारखान्यावरचे मुख्य. दोन्हींत थोडं थोडं खरं आहे, पण आडनावाचा उलगडा त्यातून होत नाही. माझं आजोळ सरनोबतांचं, पन्हाळ्याच्या पायथ्याचं. लहानपणापासून या शब्दाचा नाद आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी शब्द बघू. 'सर' हा फारसी, अर्थ डोकं, म्हणजेच मुख्य. सरदार, सरदेसाई, सरनाईक, सरलष्कर, आंग्र्यांचं सरखेल, सगळे याच घरचे. मराठीनं हा 'सर' इतका आपलासा केला की तो संस्कृत शब्दांनाही बिनदिक्कत लागतो. सरन्यायाधीश म्हणा, सरसेनापती म्हणा. ग्रामपंचायतीच्या सरपंचाला हाक मारताना अर्धा शब्द फारसी आहे हे कुणाच्या मनातही येत नाही.

'नोबत'चा प्रवास मात्र लांबचा आहे. मूळ अरबी नौबत, अर्थ पाळी. नायब आणि नवाब हे शब्दही त्याच धातूचे. दुसऱ्याच्या जागी उभा राहतो तो नायब. पाळी म्हटली की पहाऱ्याची पाळी आली, पहारा बदलताना वाजणारा नगारा आला, आणि होता होता नगाऱ्यालाच नौबत म्हणू लागले. म्हणून 'नौबत झडली' म्हणजे नगारा वाजला. पण 'उपाशी राहायची नौबत आली' यात नगाऱ्याचा काय संबंध? तिथं जुना अर्थ जसाच्या तसा जिवंत आहे. 'उपाशी राहायची पाळी आली' असंही आपण म्हणतोच. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवा, शब्दाचं मूळ कळायला कोश उघडायची गरज नाही. तेव्हा सरनोबत म्हणजे पाळीवरच्या माणसांचा मुख्य, पहाऱ्याचा म्होरक्या. नगारखान्याचा अर्थ मला इथं पटत नाही.

'नौ'चा 'नो' का झाला, याचं उत्तर 'नौकर'चा 'नोकर' झाला तसा. जुन्या लिखाणात सरनौबत सापडतं. आडनाव म्हणून 'सरनोबत' हेच रूप रुळलंय आणि माणूस स्वतः जसं लिहितो तेच शुद्ध धरावं, असं माझं मत आहे.

आता पद. पायदळात नाईक, हवालदार, जुमलेदार, हजारी अशी चढती भाजणी आणि टोकाला सरनोबत. घोडदळाचा सरनोबत वेगळा. येसाजी कंक पायदळाचे. नेताजी पालकर, प्रतापराव गुजर, हंबीरराव मोहिते घोडदळाचे. प्रतापराव फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीच्या खिंडीत लढताना पडले ते सरनोबत असताना, आणि नेसरी आपल्याच गडहिंग्लज तालुक्यात आहे. त्याच वर्षी जूनमध्ये राज्याभिषेक झाला, पदांना संस्कृत नावं मिळाली. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत झाला, तसा सरनोबताचा सेनापती झाला.

पण इथंच खरा प्रश्न उभा राहतो. कंकांचे वंशज कंकच म्हणवतात, मोहित्यांचे मोहिते, गुजरांचे गुजर. एवढं मोठं पद भोगूनही त्यांनी 'सरनोबत' आडनाव लावलं नाही. लावतील कशाला? घराण्याचं नाव पदाइतकंच मोठं होतं. कागल तालुक्यातलं सेनापती कापशी घ्या. सेनापती हे पद गावाच्या नावाला जाऊन चिकटलं, घराणं मात्र घोरपडेच राहिलं.

मग हे आडनाव लावलं कुणी? माझ्या मते उत्तर गडावर आहे. फौजेचे सरनोबत दोनच, एक पायदळाचा आणि एक घोडदळाचा, पण गडागडावर सरनोबत होता. सभासदाच्या बखरीत, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जुन्या चरित्रात, गडाचा कारभार सांगितलाय त्यात हवालदार, सबनीस, सरनोबत हे तिघे बरोबरीनं येतात, आणि कोठाराचा हिशेब बघायला कारखानीस. एका माणसाच्या हाती गड द्यायचा नाही, ही त्यामागची दृष्टी. किल्ल्या हवालदाराकडे, कागद सबनिसाकडे आणि माणसं सरनोबताकडे. रात्री कुठल्या बुरुजावर कोण, गस्त कुणाची, पाळी कधी बदलायची, हे त्याचं काम. म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ फौजेच्या सरनोबतापेक्षा गडाच्या सरनोबताला जास्त नेमका बसतो. आणि हवालदार, सबनीस, कारखानीस ही तिन्ही पदंही आज आडनावं आहेत. गडाच्या सदरेवरचे चारही कारभारी आडनावांत शिल्लक राहिलेत, हे मला फार मोलाचं वाटतं.

यात आणखी एक धागा आहे. रामचंद्रपंत अमात्य पुढे कोल्हापूरच्या गादीचे अमात्य झाले, त्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभाराचे नियम सांगणाऱ्या ग्रंथात, गडाच्या कामगारांच्या बदल्यांचा नियम आहे: हवालदार तीन वर्षांनी बदलावा, सरनोबत चार वर्षांनी, सबनीस-कारखानीस पाच वर्षांनी. आता हिशेब करा. पन्हाळा, विशाळगड, भुदरगड, सामानगड, पारगड, एवढे गड. आणि प्रत्येक ठिकाणी ठरावीक वर्षांनी नवा सरनोबत. म्हणजे हे पद एका घराण्यात साठलं नाही, ते पुष्कळ घरांतून फिरलं. पुढं पुढं गडकऱ्यांच्या, म्हणजे गड राखणाऱ्यांच्या, चाकऱ्या आणि त्यापोटीच्या जमिनी वंशपरंपरेच्या झाल्या तेव्हा ज्याच्या घरी पद थांबलं त्याच्या घरी नावही थांबलं.

मग आलं १८४४ साल. कोल्हापूर संस्थानाचा कारभार इंग्रजांच्या इच्छेनं दाजी कृष्ण पंडितांच्या हाती होता. गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात घ्यायचं निघालं आणि सामानगडाच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. भुदरगड, पन्हाळा त्यात उतरले. इंग्रजी फौजेनं गड घेतले आणि तटबंद्या पाडल्या. त्यानंतर पहारा नाही, पाळी नाही, आणि पाळीचा मुख्यही नाही. पद गेलं ते गेलंच, राहिलं आडनाव. आमच्या आजोळी तटाचं काम पाडलेलं दाखवताना आजी 'गड मोडला' असं म्हणायची, 'पाडला' म्हणायची नाही. मोडला या शब्दात घर मोडल्याचं दुःख होतं.

आजीचीच एक हकिकत सांगतो, कारण 'सगळे सरनोबत एका वंशाचे' या समजाला तिच्यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. आईच्या आत्याला स्थळ आलं ते भुदरगडाकडच्या सरनोबतांचं. घरात एकच गोंधळ. सरनोबताची मुलगी सरनोबताच्या घरी द्यायची कशी, भावकीतच सोयरीक व्हायची! बोलणी तटली. सुगी संपल्यावर हेळवी आला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, हेळवी म्हणजे कर्नाटकातून आपल्याकडे येणारे, घराण्यांच्या वंशावळी राखणारे लोक. झुली घातलेल्या बैलावर बसून यायचे. कन्नडमध्ये 'हेळु' म्हणजे सांगणं आणि 'हेळव' म्हणजे पांगळा. यातलं त्यांच्या नावाचं मूळ कुठलं यावर वेगळी चर्चा होऊ शकेल. तर त्यानं सोप्यात घोंगडी अंथरली, पोथीचं बासन सोडलं आणि कानडी हेलात पिढ्या म्हणायला लागला. सात-आठ पिढ्या मागं गेल्यावर सरनोबत हे नाव गळालं आणि वेगळंच कुळाचं आडनाव आलं. त्या स्थळाकडच्या घरांचीही वंशावळ त्याच्या भाऊबंदाकडे होती. तिथंही मागं गेल्यावर सरनोबत गळालं आणि तिसरंच आडनाव निघालं. देवक म्हणजे लग्नात पुजतात ते कुळाचं चिन्ह, तेही वेगळं: आमचं पंचपालवी, त्यांचं कळंब. आजी मला सांगताना म्हणायची, "नाव एक म्हंजे घरानं एक हुतंय व्हय रं? चाकरीचं नाव त्ये. चाकरी कुनीबी करील." लग्न झालं. आत्याचं माहेरचं आडनाव सरनोबत, सासरचंही सरनोबत. हेळव्याला पायलीभर जोंधळे आणि धोतरजोडी दिल्याचं आजीला शेवटपर्यंत आठवत होतं.

आता लोकसंख्या. इथं मी थोडा हट्टी आहे. आडनावानिशी आकडा देणाऱ्या संकेतस्थळांवर विश्वास ठेवू नका. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ भरली. प्रगणकानं प्रत्येकाचं नाव लिहून घेतलं, पण प्रसिद्ध होणारे तक्ते भाषेचे, धर्माचे, अनुसूचित जाती-जमातींचे, वयाचे, कामाचे. आडनावांचा तक्ता निघत नाही आणि माणसागणिक भरलेले कागद १९४८ च्या जनगणना कायद्यानं गोपनीय आहेत. सगळ्या जातींची मोजणी प्रसिद्ध झाली ती शेवटची १९३१ ची. २०२७ च्या जनगणनेत जात विचारली जाणार आहे, पण जातीच्या आकड्यातूनही आडनाव कळायचं नाही. तेव्हा 'जगात इतके हजार सरनोबत' असा आकडा दिसला की समजा, तो कुठल्या तरी अर्ध्यामुर्ध्या यादीवरून गुणाकार करून काढलाय. त्यात रोमन लिपीचा घोळ. आजोळच्या एका मामेभावाचं आडनाव ओळखपत्रावर रोमनमधून परत मराठीत येताना 'सारनोबात' झालं. ते दुरुस्त करायला त्याला तीन हेलपाटे पडले. यंत्राच्या मोजणीत हा 'सारनोबात' वेगळं आडनाव म्हणून गणला जाणार.

मतदार याद्या चाळाव्यात असं एकानं सुचवलंय. जिल्ह्यात दहा विधानसभा मतदारसंघ, याद्या मराठीत मिळतात, कल्पना चांगली आहे. पण अठराच्या खालची पोरं यादीत नाहीत. मुलगी लग्न होऊन गेली की तिचं नाव दुसऱ्या आडनावात जातं आणि सून आली की ती सरनोबत होते. म्हणजे डोकी मोजून हाताशी येतो तो त्या घरात आज राहणाऱ्यांचा आकडा. आमच्या आत्यासारख्या बाईला कुठल्या घराण्यात धरणार? शिवाय पुणे-मुंबईला गेलेले आणि गावाकडे नाव तसंच ठेवलेले वेगळेच.

आपल्याकडे गावात कुणी 'तुम्ही किती जण' असं विचारत नाही, 'घरं किती' असं विचारतात. मला वाटतं मोजायची तीच रीत बरोबर आहे. गाव, घरं, देवक, कुलदैवत, आणि ठाऊक असेल तर मागचं कुळाचं आडनाव, एवढं लिहून घेतलं तर सरनोबतांचा खरा नकाशा तयार होईल, आणि तो जुन्या गडांच्या भोवतीनं उमटेल असा माझा अंदाज आहे. कोल्हापूरचं पुराभिलेखागार आहेच. मोडी वाचणारा सोबत असेल तर गडांच्या कागदांतली नावं आणि आजची घरं ताडून बघता येतील.

शाळेचे जुने दाखलेही बघा. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि शेतकऱ्याच्या पोराचं आडनाव पहिल्यांदा रजिस्टरात पक्कं झालं. आमच्या आजोबांच्या गावच्या रजिस्टरात मी स्वतः पाहिलंय: आजोबांच्या नावापुढे जुनं कुळाचं आडनाव, आणि पुढच्याच पानावर, दुसऱ्या मास्तरांच्या अक्षरात, त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावापुढे 'सरनोबत'. शाई अजून काळीभोर आहे. आजोबांनी पुढं 'सरनोबत' लावून घेतलं म्हणून आज आम्हाला हे आजोळ सरनोबतांचं म्हणता येतं. एका चुलत फांदीनं बदललं नाही, ती आजही जुनंच आडनाव लावते. एकच रक्त, दोन आडनावं. आणि आत्याच्या लग्नात एकच आडनाव, दोन रक्तं.

नेमबाज राही सरनोबत आणि सरनोबतवाडी हे गाव, या दोन्हींबद्दलही विचारलंय, त्यांची उत्तरं देऊन थांबतो. नेमबाज राही सरनोबत कोल्हापूरच्याच. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात त्यांनी सुवर्ण जिंकलं आणि नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. महाराष्ट्राबाहेर हे आडनाव पोचलं ते त्यांच्यामुळे, आणि उच्चारही त्यांच्यामुळेच बराच सुधारला.

दुसरं, सरनोबतवाडी. करवीर तालुक्यात, उजळाईवाडीजवळ, पुणे-बंगळूर महामार्गालगत हे गाव आहे. गावाच्या नावात पद आहे म्हणून गावातले सगळे सरनोबत असं नव्हे. तिथून दुसरीकडे जाऊन राहिलेला माणूस रीतीप्रमाणे 'सरनोबतवाडीकर' व्हायचा. असं आडनाव लावणारं कुणी कुणाच्या ऐकण्यात असेल तर गाव आणि देवकासकट इथं जरूर लिहा.