बारावीनंतर फ्लेबोटॉमीचे प्रशिक्षण: इंदूरमध्ये फी भरण्याआधी काय विचारावे?

वैशालीनगरची आई

नमस्कार. माझी मुलगी यंदा जीवशास्त्र घेऊन बारावी झाली असून घरची परिस्थिती पाहता तिला वर्षभरात मिळवते व्हायचे आहे. रक्ताचे नमुने घेण्याचे, म्हणजे फ्लेबोटॉमीचे, प्रशिक्षण देणाऱ्या दोन संस्था आम्ही पाहून आलो. एक तीन महिन्यांत प्रमाणपत्र देते, दुसरी सहा महिने सांगते, आणि नोकरीची हमी दोघीही देतात. शेजारी मात्र दोन वर्षांचे डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) करा म्हणतात. जाणकारांनी मार्गदर्शन केल्यास उपकार होतील.

लॅबवाले काका, राजवाडा

ताई, या दोन अभ्यासक्रमांची गल्लत करू नका. फ्लेबोटॉमिस्ट नमुना घेतो, नळीवर रुग्णासमोरच नाव लावतो आणि तो नीट पोहोचवतो. तपासणी करणे हे त्याचे काम नव्हे. तपासणीच्या टेबलाशी बसायचे असेल तर डीएमएलटी किंवा बीएमएलटी (त्याच विषयाची पदवी) हवे, आणि त्यानंतर राज्याच्या परिषदेत नोंदणीही करावी लागते. फ्लेबोटॉमीचे निकष हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने ठरवलेले आहेत. तेव्हा संस्था तिच्याशी संलग्न आहे का, परीक्षा कोण घेते आणि प्रमाणपत्रावर कोणाचे नाव असते, हे लेखी मागा. संस्थेने स्वतःच छापलेल्या कागदाला आम्ही लॅबवाले फारशी किंमत देत नाही.

मी मुलाखतीला आलेल्या मुलांसमोर पाच नळ्या ठेवतो आणि आधी कोणती भराल एवढेच विचारतो. टोपणाच्या रंगाने सांगायचे तर निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी आणि शेवटी राखाडी, असा तो क्रम आहे. जांभळ्या नळीत ईडीटीए हा पोटॅशियमचा क्षार असतो. त्याचा अंश जरी पुढच्या नळीत उतरला तरी पोटॅशियम उगाच वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते, आणि त्या आकड्यावर विसंबून एखाद्याचे औषध बदलले जाऊ शकते. निळ्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (रक्त गोठू न देणारे द्रव्य) असे प्रमाण असते, म्हणून ती खुणेपर्यंत भरली नाही तर रक्त गोठण्याचा वेळ चुकतो. दंडाचा पट्टा एका मिनिटाहून जास्त बांधून ठेवू नये, हे तर पहिल्याच आठवड्यात हातात बसले पाहिजे. नुसते ‘रक्त काढता येते’ म्हणणारी मुले पुष्कळ येतात. नळ्यांचा क्रम कारणासह सांगणारी फार थोडी.

सुदामानगर_२१

काकांच्या म्हणण्याला माझ्या अनुभवाची जोड देते. मी ज्या संस्थेत शिकले, तिथे सगळा सराव रबरी हातावर झाला आणि जिवंत माणसाच्या शिरेत सुई पहिल्यांदा घातली ती नोकरीच्या पहिल्या दिवशी. समोर एक वृद्ध बाई होत्या. शीर बोटाला स्पष्ट लागत होती, पण सुई टेकताच ती बाजूला सरकली, कारण टोचण्याच्या जागेखालची त्वचा अंगठ्याने ताणून धरायची असते हे मला कोणी शिकवलेच नव्हते. दंडावर बघता बघता निळा फुगवटा आला. त्यांनी काही न बोलता दुसरा हात पुढे केला. तो हात मी अजून विसरलेले नाही.

म्हणून रुग्णालयात किती दिवस पाठवतात आणि देखरेखीखाली प्रत्यक्ष किती नमुने घ्यायला मिळतात, हे आकड्यात विचारा व आधीच्या तुकडीची सही असलेली नोंदवही पाहायला मागा. तुलनेसाठी सांगते, अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात परवान्यासाठी किमान ५० वेळा शिरेतून आणि १० वेळा बोटातून रक्त घेतल्याची नोंद लागते.

निवृत्त सिस्टर

हिपॅटायटिस बी ची लस प्रवेशाच्या दिवशीच सुरू करा. पहिल्या मात्रेनंतर एका महिन्याने दुसरी आणि सहाव्या महिन्यात तिसरी असते, म्हणजे तीन महिन्यांचा अभ्यासक्रम लस पूर्ण होण्याआधीच संपतो. वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसवायचे नाही. ती तशीच पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात जाते. तरीही सुई टोचलीच तर जागा साबणपाण्याने धुवावी आणि लाजेखातर गप्प न बसता ताबडतोब सांगावे, कारण एचआयव्हीपासून बचावाची औषधे ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या दोन तासांतच, सुरू व्हावी लागतात.

वैशालीनगरची आई

सर्वांचे मनापासून आभार. आज नोंदवही मागितली, तर तीन महिनेवाल्यांनी विषय बदलला आणि सहा महिनेवाल्यांनी ती काढून समोर ठेवली. एकच शंका उरते: मुलगी डावखुरी आहे.

लॅबवाले काका, राजवाडा

काहीच अडचण नाही. माझ्याकडची एक मुलगी डावखुरीच आहे. तिचा ट्रे आम्ही डाव्या बाजूला ठेवतो. फक्त शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा आणि सराव डाव्या हातानेच करू द्या.