खांद्याचा स्नायू शिवता येत नाही, म्हणून थेट सांधाच बदलायचा?

दांडियाबाजारकर
वडील ६७ वर्षांचे. रोटेटर कफ, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या स्नायूंचा पट्टा, जुना फाटलेला. एमआरआयमध्ये टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) आत सरकलेला, स्नायूत चरबी. शिवणं अशक्य. हात मात्र डोक्यापर्यंत जातो, सांधा झिजलेला नाही. त्रास रात्रीचा, त्या कुशीवर झोपताच येत नाही. इथल्या एका सर्जननी रिव्हर्स, म्हणजे उलट रचनेचा कृत्रिम सांधा सुचवलाय. मला ही घाई वाटते. आधी दुर्बिणीतून सफाई आणि बायसेप्सचा (दंडाच्या स्नायूचा) लांब टेंडन कापून सोडवणं, एवढंच करावं. दुखणं पुष्कळदा त्या टेंडनचंच असतं. सांधा पुढेही बदलता येईल. एकदा बदलला की मागे फिरता येत नाही.

अलकापुरीची_सून
अजिबात पटलं नाही. दोनदा भूल, दोनदा खर्च कशासाठी? सर्जन ग्रामाँ यांनी १९८५ मध्ये फ्रान्समध्ये रिव्हर्स बसवायला सुरुवात केली ती अशाच खांद्यांसाठी. गोळा वाटीच्या जागी, वाटी गोळ्याच्या जागी; मग कफ नसला तरी डेल्टॉइड, म्हणजे खांद्यावरचा मोठा स्नायू, हात उचलतो. माझ्या सासूबाई आता स्वतःचा अंबाडा स्वतः घालतात.

मांजलपूर_फिजिओ
ताई, ऑपरेशनआधी सासूबाईंचा हात वर जात होता का?

अलकापुरीची_सून
नाही. पोळी लाटतानाही डाव्या हाताचा टेकू लागायचा.

मांजलपूर_फिजिओ
मग त्यांना रिव्हर्स योग्यच होता. इथे हात उठतोय, तक्रार दुखण्याची आहे. बायसेप्स सोडला की दंडावर गोळा दिसू शकतो, थोडी ताकद जाते. या वयात बहुतेकांचं त्यावाचून अडत नाही. पण ताकद परत येईल या आशेवर सफाई करू नका, ती येत नाही. पन्नाशीच्या आतला इलेक्ट्रिशियन असता तर पाठीचा किंवा मानेखालचा स्नायू वळवण्याचा विचार झाला असता, किंवा सर्जन मिहाता यांच्या पद्धतीने मांडीतला पडदा काढून खांद्यात लावण्याचा.
आणि कोणी खांद्यात हाडांमध्ये उशीसारखा ठेवायचा विरघळणारा फुगा सुचवला तर थांबा. ब्रिटनमधल्या ११७ जणांच्या चाचणीत (लॅन्सेट, २०२२) वर्षभराने फुगेवाल्यांचा ऑक्सफर्ड स्कोअर (खांद्याचं दुखणं आणि काम मोजणारे ४८ पैकी गुण, जास्त तितके चांगले) ३०.३, नुसत्या सफाईवाल्यांचा ३४.३. फायदा दिसेना म्हणून चाचणी मध्येच थांबवली.

अलकापुरीची_सून
४८ पैकी ३४! याला बरं होणं म्हणायचं? शिवाय त्या चाचणीत रिव्हर्सशी तुलना कुठे आहे? नुसत्या व्यायामाशीही नाही. फुगा हरला म्हणून सफाई जिंकत नाही.

मांजलपूर_फिजिओ
हा मुद्दा मान्य. म्हणूनच विचारतो, डेल्टॉइडचे व्यायाम नीट तीन महिने झालेत का? उताणं झोपून, हात वर धरून सुरू करायचे ते. दोरीची चरखी ओढणं म्हणजे व्यायाम नव्हे.

दांडियाबाजारकर
चरखीच ओढलीय आणि शेक घेतलाय. पण तीन महिने रात्रभर खुर्चीत बसून काढायचे, हे त्यांना कोणी सांगायचं?

अलकापुरीची_सून
तेच तर म्हणतेय मी!