प्रति: सोयाबीनचा भाव ऑब्जेक्टमध्ये शून्यच का येतो?

लातूरच्या आडतीच्या पीएचपीतल्या हिशोबात क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) भाव बरोबर आणते, पण ऑब्जेक्टमध्ये शून्य दिसतो, असं तुम्ही विचारलंय. दोष क्वेरीचा नाही. पीडीओचा (पीएचपीला डेटाबेसशी जोडणाऱ्या भागाचा) फेच-क्लास, म्हणजे आलेली ओळ थेट ऑब्जेक्टमध्ये भरून देणारा मोड, आधी कॉलम प्रॉपर्टीत (ऑब्जेक्टमधल्या त्या-त्या नावाच्या कप्प्यात) भरतो, कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारं फंक्शन) नंतर चालवतो; त्यातलं 'भाव = 0' आलेला आकडा पुसून टाकतं. त्या मोडमध्ये फेच-प्रॉप्स-लेट हा पर्याय जोडा, क्रम उलटा होईल. त्याहून बरं म्हणजे ते शून्य कन्स्ट्रक्टरमधून काढूनच टाका.

कॉलमचं नाव प्रॉपर्टीशी अक्षर न् अक्षर जुळू द्या, लागलं तर क्वेरीत 'ॲज' लावून कॉलमला ते नाव द्या. नाही जुळलं तर पीएचपी गुपचूप नवी प्रॉपर्टी बनवतं, 8.2 आवृत्तीपासून निदान डेप्रिकेटेडची (ही सोय आता वापरू नका, अशी) सूचना तरी येते. मायएसक्यूएल डेटाबेसचा डेसिमल (दशांश आकड्यांचा) कॉलम स्ट्रिंग म्हणजे मजकूर म्हणूनच हाती येतो, तेव्हा प्रॉपर्टीला टाइप दिलेला नसेल तर क्विंटलचा भाव आकड्याशी === ने (टाइपही जुळतो का ते पाहणाऱ्या तुलनेने) ताडून पाहू नका.